मीटरवर न आलेले चौसष्ट किलोमीटर

४ मार्च, मंगळवार

ठरलं एकदाचं. गाडी देऊन टाकायची. सकाळी चहाच्या वेळी जाहीर केलं तर ही म्हणाली, "कुठली गाडी?" जणू आपल्या दारात सतरा गाड्या झुलताहेत. मी म्हटलं, "हिरवी." त्यावर हिनं कप खाली ठेवला आणि माझ्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते पाहिलं.

कारणं लिहून ठेवतो, म्हणजे पुढंमागं मलाच प्रश्न पडायला नको. पहिलं कारण गुडघे. त्या बुटक्या दोन सीटच्या गाडीत शिरायला मला हल्ली दोन मिनिटं लागतात आणि बाहेर यायला पाच. दुसरं, लेकीला गाड्यांत काडीचा रस नाही. माझ्यामागं गाडीचं भंगार होणार. तिसरं, मी जिला गाडी देतोय ती संस्था आडगावांत फुकट अ‍ॅम्ब्युलन्स चालवते. ते लोक गाडीचा लिलाव करतील आणि आलेल्या पैशांत नवी अ‍ॅम्ब्युलन्स घेतील.

ही म्हणाली, "संग्रहालयवाले हात धुऊन मागं लागले होते, त्यांना द्या की." म्हटलं, नाही, यांनाच. का, ते मला धड सांगता आलं नाही. पत्रक चांगलं छापलंय, असं काहीतरी बोललो.

आईलाही सांगितलं. अठ्ठ्याऐंशीची झाली, पण कान शाबूत आहेत. तिनं एवढंच विचारलं, "मीटर किती झालाय?" हे तिचं जुनंच. मी गाडी घेऊन कुठंही जाऊन आलो की पहिला प्रश्न हाच. स्वतः त्या गाडीत उभ्या जन्मात बसली नाही, पण आकडा मात्र पाहिजे. माणसाला कसले कसले छंद असतात! एकेचाळीस हजार सहाशे बारा, म्हटलं. माझ्याकडं जरा वेळ बघत राहिली, मग "बरं" म्हणाली.

७ मार्च, शुक्रवार

संस्थेच्या बाई येऊन गेल्या. चुणचुणीत आहेत. गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि मग गाडीपेक्षा माझ्या वडिलांची, अप्पांची, वही बघून जास्त खूश झाल्या. अप्पांचा छापखाना होता, त्यामुळं कागदाचा कपटाही वाया न घालवणारे आणि नोंद केल्याशिवाय न राहणारे. ही गाडी त्यांनी जुनीच विकत घेतली होती, पण घेतल्या दिवसापासून प्रत्येक फेरी वहीत आहे. तारीख, मीटरचा आकडा, कुठं गेलो, कशाला गेलो, आणि टाकीत लाकडी पट्टी बुडवून मोजलेलं पेट्रोल. गाडी माझ्या हाती आल्यावर मी ती नोंद तशीच चालू ठेवली.

"सर, अशी वही असलेली गाडी लाखात एक," बाई म्हणाल्या. "मीटर खरा आहे यालाच तर किंमत आहे." आणि एक फॉर्म पुढं केला. त्यात छापलंय: या वाहनाचा मीटर कधीही काढलेला, तोडलेला वा बंद ठेवलेला नाही, असे मी सत्य प्रतिज्ञेवर लिहून देतो. खाली सही.

आता गंमत बघा. मी वजनमापे खात्यात चौतीस वर्षं काढली, त्यातली एकवीस टॅक्सीच्या मीटरांवर. तपासायचं, तार ओवायची, शिशाचा शिक्का मारायचा. खात्यात माझं नावच 'शिक्का' पडलं होतं. मीटरला हात लावणाऱ्याला मी कधी सोडलं नाही. एक म्हातारा ड्रायव्हर किती गयावया करत होता, साहेब एकदाच केलं हो. मी म्हटलं, एकदा केलेलंही केलेलंच असतं. परवाना थांबवला त्याचा.

बाईंना म्हटलं, फॉर्म ठेवून जा, सवडीनं सही करून देतो. त्या म्हणाल्या, आत्ताच करा ना, एक सही तर आहे. चष्मा सापडत नाही म्हणालो. चष्मा डोळ्यांवर होता. बाई हसल्या. मलाही हसावं लागलं.

८ मार्च, शनिवार

गाडी पुसायला गॅरेजमध्ये गेलो तर शीळ ऐकू आली. बारीक, लांब. मध्येच थांबायची आणि पुन्हा सुरू व्हायची. ड्रायव्हरच्या शेजारच्या बाजूनं. म्हटलं व्हॉल्व्हमधून हवा जातेय. साबणाचं पाणी करून चारही चाकांना लावलं. एक बुडबुडा येईल तर शपथ. हवा मोजली. तीही जागच्या जागी.

शेजारच्या सीटची काच आतून धुरकट झाली होती. पुसली. नाश्ता करून आलो तर पुन्हा तशीच, नाकासमोर येईल तेवढ्याच जागी. ड्रायव्हरची बाजू लख्ख. हिला बोलावून दाखवली. ही म्हणाली, "मला तर काही दिसत नाही, तुमचे डोळे तपासून घ्या." शिळेबद्दल मग मी बोललोच नाही.

१२ मार्च, बुधवार

मेस्त्री आले होते. लिलावाआधी गाडी ठीकठाक करून द्यायची म्हणून बोलावलं. तीस वर्षं हीच गाडी त्यांच्या हाताखालून जातेय, पण डॅशबोर्डच्या मागं हात घालायची वेळ कधी आली नव्हती. आज मीटरचा दिवा बदलायचा होता. उताणे पडून, टॉर्च तोंडात धरून बघत होते. मग टॉर्च काढून म्हणाले, "साहेब, मीटरच्या केबलची नट कुणीतरी पकडीनं फिरवलीय. ओरबाडून टाकलीय पार. नवशिक्याचं काम आहे."

मी म्हटलं, "जुनी गाडी आहे. आधीच्या मालकानं केलं असेल."

"असेल. पण ही नट हातानंच फिरवतात. पकड कशाला लागली कोण जाणे. तुम्ही मीटरवाले, तुम्हाला तर माहीतच आहे."

मी त्यांच्यावर ओरडलो. दिवा बदलायला बोलावलंय, पंचनामा करायला नाही, असं काहीतरी. मेस्त्रींनी दिवा बसवला, हात पुसले. जाताना नुसते "येतो" म्हणाले, चहासुद्धा घेतला नाही. माझं चुकलं.

ते असतानाही शीळ चालूच होती. ते स्क्रूड्रायव्हर कानाला लावून इंजिनाची कुरबुर ओळखणारे. त्यांना विचारलं, काही ऐकू येतंय? म्हणाले, नाही, सगळं शांत आहे.

१३ मार्च, गुरुवार

लिहूनच टाकतो. सत्तेचाळीस वर्षं जे तोंडातून निघालं नाही ते कागदावर उतरवायला काय हरकत आहे? ही डायरी वाचणारं कोण बसलंय!

मी एकोणीसचा, धाकटी बहीण चौदाची. अप्पा दर रविवारी आम्हाला आळीपाळीनं फिरवून आणायचे, कारण शेजारची सीट एकच. एरवी गाडीला हात लावायचा नाही. मला गाडी शिकवली होती, पण एकट्यानं न्यायची सक्त मनाई. आणि लपूनछपून नेणार कशी, मीटर चुगली करणार! तेव्हा कुणीतरी सांगितलं की केबल सोडली की मीटर जागेवर झोपतो. डॅशबोर्डच्या मागं माझा हात शिरेना. धाकटीचा शिरला. तिनं बोटांनीच नट सोडवली, मला केबलचं टोक दाखवलं आणि दात काढून हसली. त्या बदल्यात परत आल्यावर तिलाही एक चक्कर मारून आणायची, असं ठरलं. आई परसात कपडे धूत होती, अप्पा छापखान्यात. गाडी उतारावरून ढकलत नेली, म्हणजे आवाज नको. धाकटीनंच मागून जोर लावला. गॅरेजचं दारही तिनंच ओढून घेतलं.

तिला दमा होता. ढकलायला लावायला नको होतं. हे मला तेव्हा सुचलंसुद्धा नाही.

नदीच्या मोठ्या पुलापर्यंत गेलो. बत्तीस जायचे, बत्तीस यायचे. आयुष्यात तेवढा आनंद मला पुन्हा झाला नाही, हेही खरंच लिहायला हवं. परत आलो तर घर उघडं आणि घरात कुणी नाही. मी धाकटीला हाका मारल्या, केबल जोडायला. ती येईना. अप्पांची यायची वेळ झाली होती आणि मी घामाघूम. चिडलो. "कुठं उलथलीय ही कार्टी," असं मोठ्यानं म्हणालो. शेवटी पकड घेतली आणि जमेल तशी नट आवळली. मनगट सोलून निघालं. किल्ली खिळ्याला अडकवली आणि पुस्तक उघडून बसलो.

तेव्हा ती गेलेली होती. तिला धाप लागली, आईनं रस्त्यावर धावत जाऊन बेकरीची गाडी थांबवली, ती गाडी आधी पाव उतरवून मगच निघाली. दवाखाना तीन किलोमीटर. पोचेपर्यंत उशीर झाला. अप्पांना निरोप मिळाला तो छापखान्यात, ते थेट दवाखान्यात गेले. असं आईनं मला नंतर सांगितलं. म्हणजे गॅरेज कुणी उघडलंच नाही. छापखाना घरापासून धावत सात मिनिटांवर. अप्पांना आधी घरी बोलवावं, गाडी काढावी, हे आईला घाबरून सुचलं नसणार. माझं नशीब. नशीब! काय शब्द लिहून बसलोय मी.

मी वाचनालयात होतो असं सांगितलं. कुणी उलट विचारलं नाही.

महिन्याभरानं अप्पांनी गाडीची किल्ली माझ्या हातात ठेवली. "यापुढं तूच चालव," म्हणाले. त्यानंतर बावीस वर्षं जगले, पण त्या गाडीत बसले नाहीत. पोरीच्या आठवणीनं बसवत नसेल, दुसरं काय!

१७ मार्च, सोमवार

बाईंचा फोन. लिलावाची यादी छापायला जायचीय, फॉर्म कधी देताय? म्हटलं, परवा-तेरवा.

वही त्यांना द्यायची म्हणून आज पहिल्यापासून चाळली. अप्पांच्या हातच्या शेवटच्या दोन नोंदी प्रथमच नीट पाहिल्या. ती जायच्या आदल्या दिवशी: मीटरचा आकडा, आणि पेट्रोल पाऊण टाकी. ती गेल्याच्या दुसऱ्या दिवशी: आकडा तोच, पेट्रोल अर्ध्याच्या खाली. फेरीच्या रकान्यात काही नाही. नुसती एक रेघ मारलीय, पेन्सिल दाबून, कागद फाटेल इतकी.

अप्पा मोजण्यात चुकले असावेत. दुःखात माणूस चुकतो. पण पोरगी जाऊन एक दिवस झालेला असताना ते पेट्रोल मोजायला गेले तरी कशाला? सवय, दुसरं काय. त्यांना सवयच होती.

दुपारी आईकडं गेलो. तिची खोली गॅरेजला लागून. घर बांधलं तेव्हा ती तिनं मागून घेतली, मी उन्हाची चांगली खोली देत होतो तर नको म्हणाली. तिला विचारलं, "आई, तुला गॅरेजमधून कसला आवाज येतो का? शीळ घातल्यासारखा?"

आई म्हणाली, "सत्तेचाळीस वर्षं येतोय. तुला आत्ता आला होय?"

घर बांधून तर तीसच वर्षं झाली. आई तारखा-सालांत गोंधळायला लागलीय. वय झालं. डॉक्टरांना दाखवायला हवं.

१८ मार्च, मंगळवार

ही आज सरळच बोलली. "तुम्हाला काय होतंय? जेवत नाही, बोलत नाही, दिवसभर त्या गॅरेजमध्ये जाऊन उभे राहता. जड जात असेल तर नका देऊ गाडी. कुणी बंदूक रोखलीय का?"

म्हटलं, द्यायचीच आहे.

"मग ते एका सहीचं घोडं कुठं अडलंय?"

मी सांगणार होतो. तोंड उघडलंही. पण पंचेचाळीस वर्षांच्या संसारात जिला हे सांगितलं नाही तिला आता कुठून सुरुवात करू? म्हणालो, "गुडघा दुखतोय." हिनं माझ्याकडं पाहिलं. "सही गुडघ्यानं करता का?" म्हणाली आणि उठून गेली.

२० मार्च, गुरुवार

सही केली.

सकाळी गाडीत ड्रायव्हरच्या जागी बसूनच केली, स्टीअरिंगवर फॉर्म ठेवून. कधीही काढलेला, तोडलेला वा बंद ठेवलेला नाही. माझी सही चांगली आहे, वळणदार, चौतीस वर्षं हजारो मीटरांखाली केलेली. शेवटचा फाटा ओढला आणि शीळ थांबली.

बारा दिवस ऐकत होतो, एकदम थांबली. मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. मी शेजारच्या सीटकडं पाहिलं. काच स्वच्छ होती. जराही वाफ नाही. मी काचेजवळ कान नेला. सीटवर हात ठेवला. आणि मी, सहासष्ट वर्षांचा, सरकारी पेन्शन खाणारा माणूस, त्या रिकाम्या सीटला म्हणत होतो, "श्वास घे ग. धाकटे, श्वास घे. घे ना."

किती वेळ बसलो कोण जाणे. ती शीळ कसली होती हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. दम्याची शीळ ऐकत मी लहानाचा मोठा झालो, मला व्हॉल्व्हची हवा वाटेल का! साबणाचं पाणी करत बसलो होतो मूर्खासारखा.

फॉर्म तिथंच फाडला.

२१ मार्च, शुक्रवार

सकाळी बाईंना फोन केला. म्हटलं, नवा फॉर्म पाठवा, मीटर एकदा बंद ठेवलेला होता. चौसष्ट किलोमीटर. त्या म्हणाल्या, "सर, हे यादीत छापावं लागेल. बोली उतरेल. कशासाठी बंद ठेवला होता?" म्हटलं, चोरून फिरायला. कुणी? मी. बाई म्हणाल्या, "बरं, मग तसंच छापू. अ‍ॅम्ब्युलन्स थोडी साधी घेऊ, पण घेऊ." भली बाई आहे.

छापून येणार म्हटल्यावर आधी आईला माझ्या तोंडून कळायला हवं होतं. ती भिंग लावून छापलेलं सगळं वाचते. हिला बरोबर नेलं. एकदाच बोलायची ताकद होती, दोघींना वेगवेगळं सांगणं झालं नसतं. आई खोलीत मटार सोलत बसली होती. मी समोर बसलो आणि सांगितलं. केबल, उतार, पूल, पकड, सगळं. कार्टी म्हणालो तेसुद्धा. हिनं मध्येच माझा दंड घट्ट धरला. आई सोलतच होती.

माझं संपल्यावर म्हणाली, "अप्पा घरी आले होते."

मला कळेना.

"थेट दवाखान्यात गेले असं मी तुला सांगितलं. ते खोटं. निरोप मिळाल्याबरोबर धावत घरी आले, बेकरीवाला अजून पाव उतरवत होता. गॅरेज उघडलं तर गाडी नाही. आत येऊन पोरीला विचारलं, गाडी कुठंय? दादा कुठंय? ती माझ्या मांडीवर होती. एक श्वास घ्यायला तिचा जीव जात होता."

आईनं शेंग खाली ठेवली.

"म्हणाली, मला नाही माहीत. तीन शब्द, पण किती वेळ लागला तिला. अप्पांनी पुन्हा विचारलं, ओरडूनच विचारलं. तिनं मान हलवली. नाही माहीत. त्यानंतर काही बोलली नाही. ती खोटं बोलतेय हे मला कळत होतं, त्यांनाही कळत होतं. तुला ओरडा बसू नये म्हणून."

मी रडत होतो. ही पण रडत होती. आई नाही.

"मग तुम्ही मला विचारलं का नाही?" मी म्हटलं. "मारलं का नाही मला?"

"पोरगी शेवटचं बोलली ती तुझ्यासाठी खोटं बोलली. ते आम्ही कसं उघडं पाडायचं? अप्पा म्हणाले, तो होऊन सांगेल, तोवर आपल्यालाही नाही माहीत. त्यांनी तुझी बावीस वर्षं वाट पाहिली. दवाखान्यात शेवटच्या दिवशी तू त्यांचे पाय चेपत होतास, तेव्हासुद्धा तुझ्या तोंडाकडं बघत होते. तू म्हणालास, अप्पा, पाणी देऊ का?"

हे मला आठवतंय. ते टक लावून पाहत होते आणि मला वाटलं, तहान लागलीय.

ही उठून आईसाठी पाणी घेऊन आली. आईनं ते बाजूला ठेवलं आणि पुन्हा शेंगा हातात घेतल्या. मी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"आई, मला माफ करशील?"

"तिनं तेव्हाच केलं होतं," आई म्हणाली. "अप्पांचं मला माहीत नाही, ते बोलले नाहीत."

"आणि तू?"

तिनं माझा हात बाजूला केला नाही. पण त्यावर आपला हातही ठेवला नाही.

"मला वेळ लागेल रे," म्हणाली. "तू आजच तर सांगितलंस."